आगीचा बंब आणि चार मिनिटे

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा लेखी पाठ)



ट्रस्टच्या पन्नासाव्या वर्षी या व्यासपीठावरून चार शब्द बोलण्याचा मान आपण मला दिलात, याबद्दल मी आपला ऋणी आहे. मी वक्ता नव्हे. चाळीस वर्षे गादीवर बसून कापड मोजण्यात गेली. वाणिज्य शाखेची पदवी घेतली खरी, पण विद्येशी माझा संबंध जमाखर्चापुरताच राहिला. कार्यवाहांनी विषय विचारला तेव्हा मी म्हणालो, "आगीच्या बंबावर बोलेन." ते हसून म्हणाले, "कापडवाल्याला आगीची धास्ती असायचीच." ती असतेच. परंतु आज मला बोलायचे आहे ते आग विझवणाऱ्या अशा माणसांविषयी, जी आगीकडे क्वचित आणि आजारी माणसाकडे रोज धावतात.

प्रथम एक कौटुंबिक आठवण सांगण्याची अनुज्ञा असावी.

१९९६ सालच्या दिवाळीच्या आधीचा आठवडा होता. दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. आमचे थोरले बंधू, ज्यांना सारी पेठ दादा म्हणत असे, एका गिऱ्हाइकासमोर साडी उलगडत असताना एकाएकी खाली बसले आणि आडवे झाले. वय अवघे अठ्ठेचाळीस. दुकानात आम्ही त्या वेळी वीस-बावीस माणसे होतो. कोणी तळपाय चोळू लागले, कोणी ताक्याच्या पुठ्ठ्याने वारा घालू लागले, आणि मी त्यांचे डोके मांडीवर घेऊन तोंडात पाण्याचा घोट घातला. रिक्षा मिळेपर्यंत आणि ती गर्दीतून रुग्णालयात पोहोचेपर्यंत पंचवीस मिनिटे गेली. डॉक्टरांनी नाडी पाहिली आणि मान हलवली. त्या पंचवीस मिनिटांत आमच्यापैकी एकानेही दादांच्या छातीवर हात ठेवून दाब दिला नाही. तसे करायचे असते हे आम्हांला ठाऊकच नव्हते. शुद्ध हरपलेल्या माणसाच्या तोंडात पाणी घालू नये, हेही मला पुष्कळ वर्षांनी कळले.

ही गोष्ट मी कधी कोणापुढे काढली नव्हती. २०१९ च्या उन्हाळ्यात ती पुन्हा डोळ्यांपुढे उभी राहिली. अमेरिकेत सिएटल शहराला लागून बेलव्ह्यू नावाचे गाव आहे. आमचे चिरंजीव नोकरीनिमित्त तेथे राहतात. आम्ही उभयता तिकडे गेलो होतो, आणि आमचे व्याहीही लेकीकडे आलेले होते. एके रात्री दोनच्या सुमारास व्याह्यांना छातीत कळ आली, अंगाला दरदरून घाम फुटला. सूनबाईंनी ९११ हा क्रमांक फिरवला. पलीकडच्या बाईंनी आधी पत्ता विचारला, मग रुग्ण शुद्धीवर आहे का, श्वास नीट चालू आहे का, कोणत्या औषधाचे वावडे आहे का, असे एकामागून एक प्रश्न विचारले, अ‍ॅस्पिरिनची गोळी चघळायला लावली आणि फोन काही खाली ठेवू दिला नाही. सहा मिनिटांच्या आत दारात गाडी उभी राहिली. पाहतो तो आगीचा लालभडक बंब!

मी मुलाला म्हणालो, "अरे, यांचा काही घोटाळा झाला आहे. आग कुठे लागली आहे?" तो म्हणाला, "बाबा, इथे हेच येतात."

तीन जवान आत आले. एकाने प्राणवायू लावला, दुसऱ्याने रक्तदाब पाहिला, तिसरा सूनबाईंना माहिती विचारून लिहून घेऊ लागला. थोड्याच वेळात दुसरी गाडी आली आणि तीतून त्याच दलाचे दोन पॅरामेडिक उतरले. त्यांनी छातीवर तारा चिकटवून हृदयाचा आलेख काढला, शिरेत सुई घातली, रुग्णालयातील डॉक्टरांशी फोनवर बोलून औषध दिले आणि व्याह्यांना घेऊन गेले. रुग्णालयाला आधीच वर्दी गेली होती. दीड तासाच्या आत तुंबलेली रक्तवाहिनी उघडली गेली. व्याही आज पुण्यात सकाळी फिरायला जातात. त्या रात्री सगळे झोपल्यावर मी स्वयंपाकघरात एकटाच बसलो आणि तेवीस वर्षांनी दादांसाठी रडलो.

पुढे या व्यवस्थेविषयी मिळेल ते वाचीत गेलो. जे समजले ते थोडक्यात आपणांपुढे ठेवतो.

बंधू-भगिनींनो, अमेरिकेतही ही व्यवस्था पूर्वापार चालत आलेली नाही. १९६६ साली तेथील राष्ट्रीय विज्ञान अकादमीने अपघाती मृत्यूंविषयी एक अहवाल प्रसिद्ध केला. त्यात असे दिसून आले की, देशातील सुमारे निम्म्या रुग्णवाहिका अंत्यसंस्कार करणाऱ्या पेढ्यांकडून चालवल्या जात. माणसाला आडवे झोपवून नेता येईल अशी लांब गाडी त्यांच्याकडेच असे, एवढेच त्याचे कारण. एकच गाडी कधी रुग्णाला नेई, कधी प्रेताला. सोबतच्या माणसाला प्रथमोपचार आलेच पाहिजेत असे बंधन बहुतेक ठिकाणी नव्हते. रणभूमीवर जखमी झालेल्या सैनिकाला जगण्याची जेवढी आशा असते, तेवढी आपल्या शहराच्या रस्त्यावर जखमी झालेल्या नागरिकाला नाही, असा त्या अहवालाचा आशय होता.

त्याच वर्षी आयर्लंड बेटाच्या उत्तर भागातील बेलफास्ट शहरात डॉ. फ्रँक पँट्रिज यांनी एक धाडस केले. हृदयविकाराने मरणारी पुष्कळ माणसे रुग्णालयात पोहोचण्यापूर्वीच मरतात हे त्यांनी ओळखले. तेव्हा रुग्णाने डॉक्टरांकडे येण्याऐवजी उपचारानेच रुग्णाकडे का जाऊ नये? मोटारीच्या बॅटरीवर चालणारे, विजेचा झटका देऊन हृदयाची लय परत आणणारे डिफिब्रिलेटर यंत्र त्यांनी रुग्णवाहिकेत बसवले. पहिल्या यंत्राचे वजन होते सत्तर किलो. त्या गाडीबरोबर डॉक्टर जात असत. १९६७ साली हा अनुभव 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला आणि अमेरिकेतील डॉक्टरांच्या वाचनात आला.

तेथे प्रश्न उभा राहिला की, रात्रंदिवस गाडीवर बसवायला एवढे डॉक्टर आणायचे कोठून? त्याचे उत्तर चार-पाच शहरांत जवळजवळ एकाच वेळी सापडले. मायामीत डॉ. यूजीन नेगल, लॉस एंजेलिसमध्ये डॉ. मायकेल क्रायली, आणि सिएटलमध्ये डॉ. लिओनार्ड कॉब व अग्निशमन दलाचे प्रमुख गॉर्डन व्हिकरी यांनी अग्निशामकांनाच हे काम शिकवायचे ठरवले. सिएटलची 'मेडिक वन' ही गाडी ७ मार्च १९७० रोजी रस्त्यावर आली. पर्यटनासाठी वापरतात तसली ती अवाढव्य गाडी होती.

व्यापारी माणसाच्या नजरेने पाहिले तर या निवडीतील शहाणपण चटकन ध्यानात येते. कोणत्याही घरापाशी बंब काही मिनिटांत पोहोचावा म्हणून अग्निशमन केंद्रे शहरभर विखरून बांधलेली असतात. तेथे चोवीस तास धट्टीकट्टी, शिस्तीची माणसे हजर असतात. संदेशयंत्रणा असते, जिने चढून ओझे उतरवण्याची सवय असते. आणि दोन आगींच्या मधल्या काळात, आपल्या भाषेत सांगायचे तर, हा सारा माल पडून असतो. पडून राहिलेला माल म्हणजे अडकलेले भांडवल, हे तुम्हां-आम्हांला कोणी सांगायला नको. सिएटलने नवीन दुकान काढले नाही. होते त्याच दुकानात अधिक मोलाचा माल ठेवला.

सारा हिशेब मिनिटांचा आहे. हृदय थांबले की चार ते सहा मिनिटांत मेंदूला इजा होऊ लागते. छातीवर दाब दिला गेला नाही, विजेचा झटका मिळाला नाही, तर जगण्याची शक्यता दर मिनिटाला शेकडा सात ते दहा इतकी घटत जाते. आमच्या दुकानात गेलेल्या पंचवीस मिनिटांचा हिशेब आपण मनातल्या मनात करावा. मी तो अनेकदा केला आहे.

हा बदल मात्र सुखासुखी झाला नाही. डॉक्टर आणि परिचारिका यांच्याशिवाय कोणी सुई टोचावी हेच अनेकांना मान्य नव्हते. लॉस एंजेलिसमध्ये आरंभी गाडीबरोबर परिचारिका असल्याखेरीज अग्निशामकांना उपचार करता येत नसत. १९७० साली कॅलिफोर्नियाचे तेव्हाचे राज्यपाल रोनाल्ड रेगन यांनी वेडवर्थ-टाउनसेंड कायद्यावर सही केली, तेव्हा तेथील पॅरामेडिकांना कायद्याचा आधार मिळाला. दलातील जुनी मंडळीही कुरकुरली. आपण आग विझवायला भरती झालो, सुश्रूषा करायला नव्हे, असे त्यांचे म्हणणे होते. जानेवारी १९७२ पासून 'इमर्जन्सी!' नावाची दूरदर्शन मालिका अमेरिकेत घरोघरी दिसू लागली. तिचे दोन नायक लॉस एंजेलिस परगण्याचे अग्निशामक-पॅरामेडिक होते. ती पाहून गावोगावचे लोक विचारू लागले की, आमच्याकडे अशी माणसे का नाहीत? आज अमेरिकेतील अग्निशमन दलांना येणाऱ्या शंभर हाकांपैकी साठाहून अधिक वैद्यकीय मदतीसाठी असतात आणि प्रत्यक्ष आगीच्या पाचांपेक्षाही कमी. जपानमध्येही रुग्णवाहिका अग्निशमन दलाकडेच असतात.

आता या माणसांविषयी. व्याही घरी आल्यावर आठवड्याने सूनबाईंना घेऊन मी त्या केंद्रावर गेलो. सोबत काजूकतलीचा डबा होता. आत एक लांब जेवणाचे टेबल, बाजूला स्वयंपाकघर. चोवीस तासांची पाळी असते, त्यामुळे जवान स्वतःच आळीपाळीने रांधतात आणि एकत्र जेवतात. त्या रात्री आलेल्या दोन पॅरामेडिकांपैकी एक गृहस्थ कामावर होते. चाळिशीचे असावेत. ओळख पटायला त्यांना वेळ लागला. त्यानंतर त्यांनी अशी कितीतरी घरे पाहिली होती.

मी त्यांना विचारले, "आपण या कामात का आलात?" सूनबाई दुभाषी होत्या. ते थोडा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, "मी नऊ वर्षांचा असताना वडील स्वयंपाकघरात कोसळले. घरात अंधार होता. आलेल्या अग्निशामकाने माझ्या हातात टॉर्च दिली आणि म्हणाला, इथे धर, हलू देऊ नकोस. मी घाबरलो होतो, पण माझ्याकडे काम होते. वडील वाचले नाहीत. पण मी टॉर्च हलू दिली नाही, हे मला आजही आठवते."

मी तेथे काही बोललो नाही. परंतु दादांचे डोके मांडीवर घेऊन बसलेल्या मला त्या दिवशी कोणी असे काम दिले असते तर, हा विचार मनातून जाईना.

पुढे त्यांनी पुष्कळ सांगितले. प्रथम साधे अग्निशामक म्हणून काही वर्षे काढायची, मग निवड झाली तर सुमारे दहा महिने विद्यापीठाच्या रुग्णालयात शिक्षण घ्यायचे. हृदयाचे आलेख, औषधांची मात्रा, श्वासनलिकेत नळी घालणे, बाळंतपण, भाजलेल्यांवरील उपचार हे सारे त्यात येते. दर हाकेला नाट्य नसते. कितीतरी वेळा एखादी म्हातारी पलंगावरून पडलेली असते, तिला उचलून पुन्हा निजवायचे एवढेच काम असते. काही जण केवळ एकटेपणाला कंटाळून हाक मारतात. हृदय पूर्ण थांबलेल्या माणसांपैकी तेथेही बहुतेक वाचत नाहीत. "आम्ही हरतो ते दिवस अधिक आहेत," ते म्हणाले, "पण आम्ही वेळेवर पोहोचलो होतो, एवढे त्या घराला सांगता येते." लहान मूल दगावले तर पाळी संपल्यावर ते घरासमोर गाडीतच काही वेळ बसून राहतात आणि मगच आत जातात.

पगार, निवृत्तिवेतन, प्रतिष्ठा या गोष्टी आहेतच, आणि त्यांनी त्या लपवल्या नाहीत. परंतु अमेरिकेतील अग्निशामकांपैकी जवळजवळ दोन-तृतीयांश लोक स्वयंसेवक आहेत हे कळल्यावर मी थक्क झालो. लहान गावांतून शेतकरी, शिक्षक, दुकानदार हेच काम करतात. यंत्रावर हाक आली की हातातले काम टाकून निघतात, आणि त्यांतील अनेक जण वैद्यकीय साहाय्याचे शिक्षणही घेतलेले असतात. समोर गिऱ्हाईक बसलेले असताना गादीवरून उठून जाणे म्हणजे काय, हे या सभागृहातील पेठकऱ्यांना मी वेगळे सांगायला नको.

या सेवेची किंमतही मोठी आहे. ११ सप्टेंबर २००१ रोजी न्यूयॉर्कच्या अग्निशमन दलाचे ३४३ जण मरण पावले, त्यांत दोन पॅरामेडिक होते. आगीतील धूर आणि रसायने यांमुळे अग्निशामकाचे काम हेच कर्करोगाचे कारण ठरते, असा निर्वाळा जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०२२ साली दिला. आणि सर्वांत चटका लावणारी गोष्ट अशी की, अमेरिकेत कर्तव्यावर असताना मरण पावणाऱ्या अग्निशामकांच्या मृत्यूचे पहिले कारण ज्वाळा नसून हृदयविकार हे आहे. दुसऱ्यांची हृदये चालू करणाऱ्यांची स्वतःची हृदये अशी थकतात. रोज मृत्यू पाहून मनावर जो भार साचतो, त्याविषयीही तेथे आता उघडपणे बोलले जाते.

या पद्धतीवर टीकाही होते, आणि ती सांगणे न्यायाचे आहे. एका आजाऱ्यासाठी एवढा मोठा बंब कशाला पळवायचा, असे विचारले जाते. प्रत्येक गाडीवर पॅरामेडिक ठेवले तर प्रत्येकाच्या वाट्याला गंभीर रुग्ण कमी येतात आणि हात गंजतो, हाही आक्षेप आहे. सिएटल आणि सभोवतालच्या परगण्याने त्यावर मध्यम मार्ग काढला. सर्व अग्निशामकांना प्राथमिक शिक्षण, आणि पॅरामेडिक मोजकेच पण सतत सरावातले. बंब आधी पोहोचून छातीवर दाब आणि झटका देतो, पॅरामेडिक मागून येतात. शिवाय कॉब आणि व्हिकरी यांनी एक गोष्ट फार लवकर ओळखली. बंब कितीही वेगाने आला तरी त्याच्या आधी तेथे घरचा माणूस असतो. म्हणून १९७० च्या दशकाच्या आरंभीच त्यांनी सामान्य नागरिकांना छातीवर दाब देण्याचे शिक्षण द्यायला सुरुवात केली.

आता आपल्याकडे वळतो. आपले अग्निशामक शौर्यात कोणाहून उणे नाहीत. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या गोदीत कापसाच्या गासड्या आणि स्फोटके लादलेले 'फोर्ट स्टिकीन' जहाज पेटले आणि आग विझवणारे साठाहून अधिक जवान स्फोटात मरण पावले. त्यांच्या स्मरणार्थ १४ एप्रिल हा अग्निशमन सेवा दिन पाळला जातो. मे २०१५ मध्ये काळबादेवीच्या व्यापारी वस्तीतील आगीत मुंबई दलाचे चार अधिकारी गेले. माल व्यापाऱ्यांचा असतो आणि प्राण त्यांचे जातात, याचे भान आपण ठेवले पाहिजे. आपल्याकडे आगीसाठी १०१ आणि रुग्णवाहिकेसाठी १०८ अशी निरनिराळी व्यवस्था आहे. महाराष्ट्रात १०८ ची सेवा २०१४ पासून सुरू झाली आणि तिने असंख्यांचे प्राण वाचवले आहेत. या दोन सेवा एकत्र कराव्यात की नाही, हे सरकारने ठरवावे. मी बोलणार आहे ते आपल्या हातात असलेल्या गोष्टीविषयी.

आपल्या ट्रस्टची रुग्णवाहिका २००७ साली आली. खरेदी समितीत मी स्वतः होतो. गाडी उत्तम आहे. स्ट्रेचर आहे, प्राणवायूचा सिलिंडर आहे, चालक प्रामाणिक आहे आणि रोज सकाळी गाडी धुऊन पुसून ठेवतो. तिच्या दारावर देणगीदारांची नावे सुबक अक्षरांत लिहिली आहेत. त्यांत आमच्या दादांच्या स्मरणार्थ, असेही एक नाव आहे. परंतु दादा आज त्या गाडीत असते, तर त्यांच्या छातीवर दाब देणारे शिकलेले माणूस तिच्यात नसते. अठरा वर्षांत आपण तिची रंगरंगोटी दोनदा केली. चालकाला एक दिवसाचे शिक्षण द्यावे हे आपल्याला सुचले नाही. हा दोष मी कोणावर ढकलत नाही. समितीच्या कागदांवर माझी सही आहे.

सिएटलच्या नागरिकांनी 'मेडिक वन'साठी देणग्या दिल्या, आजही देतात. तो पैसा प्रामुख्याने पॅरामेडिकांच्या शिक्षणावर खर्च होतो. आपण गाडीला दान दिले, त्यांनी हातांना दिले. आपल्या परंपरेत औषधदान आणि अभयदान असे दोन वेगळे शब्द आहेत. त्या रात्री बेलव्ह्यूच्या घरात मी ही दोन्ही दाने एकाच माणसाच्या हातून होताना पाहिली, आणि त्यांच्या मुळाशी ज्ञानदान होते.

म्हणून या सुवर्णमहोत्सवी वर्षात माझी विश्वस्त मंडळाला नम्र विनंती आहे. रुग्णवाहिकेचा चालक आणि पर्युषणात मंडपात उभे राहणारे स्वयंसेवक यांना जीवसंजीवनीचे रीतसर शिक्षण द्यावे. दर वर्षी त्याची उजळणी व्हावी, कारण न वापरलेली विद्या विसरली जाते. पेठेतील प्रत्येक दुकानातून एका तरी माणसाने यावे. दादांच्या नावाने दर वर्षी पन्नास जणांच्या शिक्षणाचा खर्च मी उचलेन. त्याची कोनशिला किंवा फलक नको.

मी स्वतः गेल्या वर्षी असे शिबिर केले. सदुसष्टाव्या वर्षी गुडघ्यांवर बसून रबरी पुतळ्याच्या छातीवर दाब देताना दम लागला, शेजारची कॉलेजातील मुले हसली. मिनिटाला शंभर ते एकशेवीस दाब, छातीच्या मधोमध, पाच सेंटिमीटर खोल. शिकवणाऱ्या मुलीने पाठीवर थाप मारून म्हटले, "काका, आता जमले." तो दाब शिकायला मला एक दुपार लागली. ती दुपार १९९६ च्या आधी कधीही काढता आली असती.

शिबिरासाठी नावे बाहेर टेबलावर वहीत लिहून घेतली जात आहेत. पहिले नाव आमच्या रुग्णवाहिकेच्या चालकाने लिहिले आहे.

जय जिनेंद्र.